घड्याळाशीं शर्यत

आमच्याकडील शाळांच्या क्रीडामहोत्सवांत सायकलची म्हणून जी शर्यत असते ती बहुधा संथ सायकलची असते. तींत पाय जमिनीस न टेकतां व आंखलेल्या पट्ट्याबाहेर न जातां जो सर्वांच्या मागून पोंचेल तो पहिला ठरतो. प्रेक्षकांस हंसूं येतें, लहान मुलें टाळ्या पिटतात, आणि तोल सांभाळण्याची परीक्षा म्हणून ती शर्यत खरोखरच चांगली आहे. यंदां ती आटोपल्यावर नववींतील एका विद्यार्थ्यानें विचारलें, “सर, खऱ्या सायकल-शर्यतींत जो शेवटीं येतो त्याला काय मिळतें?” प्रश्न विनोदानें विचारलेला होता, परंतु विनोदाच्या आड जी भीति होती ती खोटी नव्हती. ज्या मुलाजवळ सायकल आहे, पायांत जोर आहे, आणि एकदां शर्यतींत उतरून पाहावें असें ज्याच्या मनांत आहे, तो बहुधा याच प्रश्नापाशीं अडतो. आणि त्याचे आईवडील तर त्याच्याही आधीं अडतात. माझें उत्तर असें आहे कीं, या खेळांत नवख्या मनुष्यास जें सुख मिळतें तें पहिल्या क्रमांकाच्या स्वाराजवळ पुष्कळदां उरलेलें नसतें. पण हें नुसतें सांगून कोणी विश्वास ठेवणार नाहीं, म्हणून थोडें विस्तारानें लिहितों.

प्रथम ‘हौशी’ या शब्दाविषयीं. इंग्रजींत अशा खेळाडूस ॲमॅच्युअर म्हणतात. हा शब्द फ्रेंचांतून आलेला असून त्याच्या मुळाशीं प्रेम करणें या अर्थाचा लॅटिन धातु आहे. जो पैशासाठीं नव्हे, तर आवडीसाठीं खेळतो तो ॲमॅच्युअर. एके काळीं हौशी व धंदेवाईक यांच्यामध्यें पक्की भिंत होती. ऑलिंपिकच्या सायकल-शर्यतींत धंदेवाईक स्वारांस प्रवेश मिळाला तो १९९६ सालीं. ती भिंत आतां पडली आहे, पण शब्द राहिला आहे. आपल्याकडे ‘हौशी’ म्हणजे कच्चा, अर्धवट, असा एक अर्थ बोलण्यांत येतो, तो मला मुळींच पटत नाहीं. हौसेनें पुरणपोळी करणारी आजी कच्ची असते काय?

आतां मुख्य विषय. ज्या प्रकारच्या शर्यतीनें नवख्या स्वाराची सर्वांत चांगली सोय केली तिचा जन्म इंग्लंडांत झाला, आणि तोही एका अडचणीच्या पोटीं. डनलॉप यानें १८८८ सालीं हवा भरलेला टायर प्रचारांत आणल्यावर थोड्याच वर्षांत सायकल वेगवान झाली, व तरुण मंडळी घोळक्याघोळक्यानें सार्वजनिक रस्त्यांवर शर्यती करूं लागली. त्या काळीं रस्त्यांवर राज्य घोड्यांचें होतें. १८९४ सालीं अशाच एका शर्यतींत एका गाडीचा घोडा बुजला, स्वार व गाडी यांचा एकच गोंधळ उडाला, आणि तक्रार पोलिसांपर्यंत गेली. सायकलस्वारांच्या राष्ट्रीय संघास धास्ती पडली कीं, असेंच चाललें तर एक दिवस सायकलीलाच रस्ता बंद होईल. म्हणून रस्त्यावर घोळक्यानें शर्यती करण्यास त्यानें लवकरच मनाई केली. तेव्हां फ्रेडरिक टॉमस बिडलेक नांवाच्या गृहस्थानें १८९५ सालीं एक युक्ति काढली. सर्व स्वारांस एकदम सोडावयाचेंच नाहीं. एकामागून एक, मिनिटामिनिटाच्या अंतरानें, प्रत्येकास एकट्यास सोडावयाचें. त्यानें ठराविक अंतर जाऊन परत यावयाचें. आणि ज्यास सर्वांत कमी वेळ लागेल तो जिंकला. रस्त्यानें जाणाऱ्यास शर्यत दिसतच नाहीं! एक मनुष्य घाईघाईनें कोठें तरी चालला आहे, एवढेंच दिसतें.

आणि तें तसेंच दिसावें याची फार काळजी घेतली जात असे. स्वारांनीं गळ्यापासून घोट्यापर्यंत काळे कपडे घालावे, शर्यत पहांटेस उरकावी, तिची आगाऊ वाच्यता करूं नये, असा संकेत होता. शर्यतीच्या मार्गाचें नांवसुद्धां उघड सांगत नसत. त्याला एखादें अक्षर व आंकडा अशी खूण देत. या गोष्टीस आतां शंभराहून अधिक वर्षें लोटलीं, गुप्ततेचें कारण कधींच संपलें, काळे कपडे गेले. पण मार्गांना अक्षर व आंकडा लावण्याची रीत इंग्लंडांत अद्याप चालू आहे. घोळक्याची शर्यत तेथें रस्त्यावर पुन्हां आणली ती पर्सी स्टॅलर्ड यानें १९४२ सालीं, आणि त्याबद्दल त्याला पुष्कळ रोष पत्करावा लागला. तो इतिहास निराळा आहे. बिडलेकनें जी गोष्ट नाइलाजानें केली तिच्यांत नवख्या स्वाराचें केवढें हित होतें, इतकेंच येथें पाहावयाचें आहे.

ही घड्याळाची शर्यत कशी चालते तें सांगतों. अंतरें ठरलेलीं असतात: १० मैल, २५ मैल, ५० मैल, १०० मैल, आणि ज्यांची हौस त्यानेंही भागत नाहीं त्यांच्यासाठीं १२ तास व २४ तास. १० मैल म्हणजे सुमारें १६ किलोमीटर. इंग्लंडांत उन्हाळ्याचा दिवस लांब असल्यामुळें, दिवसभर काम करून संध्याकाळीं स्थानिक क्लबची १० मैलांची शर्यत करणारे लोक गांवोगांवीं आहेत. कोणी शिक्षक, कोणी सुतार, कोणी पोस्टांतील कारकून, कोणी शाळेंतली मुलगी. पाठीवर क्रमांक लावून सर्व रांगेनें उभे राहतात. पाळी आली कीं एक मनुष्य मागून सायकल धरतो, म्हणजे दोन्ही पाय पायडलांवर ठेवून तोल जात नाहीं. शेजारीं घड्याळ घेतलेला दुसरा मनुष्य “तीस सेकंद”, “दहा सेकंद” असें सांगतो, शेवटले पांच आंकडे उलटे मोजतो, आणि “चला” म्हणतो. एक मिनिटानें पुढचा स्वार. जे सर्वांत वेगवान समजले जातात त्यांना १०, २०, ३० असे क्रमांक देण्याची पद्धत आहे, म्हणजे ते एकमेकांपासून दूर राहतात. नवखा स्वार त्यांच्या मधल्या गर्दींत कोठें तरी असतो.

त्याची पहिली दोन मिनिटें स्वर्गसुखाचीं असतात. पाय हलके वाटतात, सायकल आपोआप पळते, आणि हें सर्व लोक शर्यतीचा एवढा बाऊ कां करतात, असें त्याला वाटूं लागतें. याचें कारण शरीरशास्त्रांत आहे. श्रम सुरू झाल्याबरोबर फुफ्फुसें व हृदय एकदम पूर्ण कामास लागत नाहींत. स्नायूंना हवा तेवढा प्राणवायु पोंचावयास दोन-तीन मिनिटें जातात. तोंपर्यंत स्नायु आपल्याजवळच्या शिल्लकेवर आणि प्राणवायूवांचून मिळणाऱ्या शक्तीवर काम भागवितात. म्हणजे तो हलकेपणा उसना असतो. तिसऱ्या मिनिटास सावकार दारांत उभा राहतो. छाती भात्यासारखी चालते, मांड्यांत आग पेटते, तोंड कोरडें पडतें, आणि अजून सुमारें नऊ मैल जावयाचे असतात. अनुभवी स्वार म्हणूनच पहिला मैल मुद्दाम राखून जातो. नवख्याला ही गोष्ट सांगून समजत नाहीं, आणि समजूं नये असेंच मला वाटतें. ती पायांनींच शिकण्यासारखी आहे.

मग वारा. सायकलवर बसून सावकाश जाणाऱ्यास वाऱ्याची ओळख नसते. वेग वाढूं लागला म्हणजे ती होते. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो, आणि तो कापण्यास लागणारा जोर वेगाच्या घनाच्या प्रमाणांत. ताशीं ३० किलोमीटर जाणाऱ्या स्वारास ताशीं ३३ किलोमीटर जावयाचें असेल, तर वेग दहांत एकानें वाढला. पण वारा कापण्यास लागणारा जोर सुमारें एक-तृतीयांशानें वाढवावा लागतो. सपाट रस्त्यावर या वेगानें जाणाऱ्याचे बहुतेक श्रम हवा बाजूस सारण्यांतच खर्च होतात. म्हणून शर्यतीचा स्वार हँडलवर वांकून बसतो. तो ऐट करतो असें नव्हे. तो वाऱ्याला आपली छाती दाखवीत नाहीं.

येथें एक हिशेब द्यावासा वाटतो. गणिताच्या तासाला कंटाळणाऱ्या मुलांनींही तो करून पाहावा. समजा, १० मैलांची शर्यत आहे: ५ मैल जावयाचें व त्याच रस्त्यानें ५ मैल परत यावयाचें. वारा नसतां एक स्वार ताशीं २० मैल जातो. त्याला बरोबर ३० मिनिटें लागतील. दुसऱ्या दिवशीं वारा आहे. जातांना तो पाठीशीं असल्यामुळें वेग ताशीं २४ मैल झाला, येतांना समोर असल्यामुळें ताशीं १६ झाला. सरासरी २० च, म्हणून वेळही ३० मिनिटें, असें पुष्कळ विद्यार्थी चटकन् सांगतील. आतां मांडून पाहा. जातांना १२ मिनिटें ३० सेकंद, येतांना १८ मिनिटें ४५ सेकंद. एकूण ३१ मिनिटें १५ सेकंद. सव्वा मिनिट कोठें गेलें? जेथें वेग कमी होता तेथें तो अधिक वेळ होता, म्हणून कमी वेगाचें पारडें जड झालें. यावरून शहाणा स्वार असें ठरवितो कीं, पाठीशीं वारा असतां थोडा दम राखावा, आणि समोरून वारा आला कीं राखलेला दम खर्चावा. चढ-उताराचाही न्याय हाच: चढावर गमावलेला वेळ उतारावर भरून निघत नाहीं. वर्गांत ही उदाहरणें सोडवितांना मुलांचे चेहरे मीं पाहिलेले आहेत. तेंच उदाहरण समोरच्या वाऱ्यांत स्वतःच्या मांड्यांनीं सोडविणाऱ्या मुलास तें जन्मांत विसरावयाचें नाहीं.

दांत्यांचा हिशेबही असाच. पुढच्या चक्रास ४८ दांते व मागच्यास १६ असतील, तर पायाच्या एका फेऱ्यास मागचें चाक तीनदां फिरतें. चाकाचा परीघ २.१ मीटर धरला, आणि पाय मिनिटास ९० वेळां फिरले, तर ताशीं ३४ किलोमीटर वेग झाला. नवखा स्वार या ९० च्या आंकड्यास भितो. त्याला वाटतें, पाय सावकाश पण जोरानें दाबावे. त्यानें गुडघे मात्र कुरकुरतात. हलके व भरभर फिरणारे पाय अधिक टिकतात, हें त्याला एक-दोन महिन्यांत कळतें, आणि कळतें त्या दिवशीं त्याला सायकल नवी घेतल्यासारखी वाटते.

अर्ध्या वाटेवर त्याच्या मागून एक आवाज येतो. मिनिटभर उशिरा निघालेला स्वार त्याला गांठतो, बाजूनें निघून जातो, आणि पाहतां पाहतां लहान होतो. नियम असा आहे कीं, ज्यास गांठलें त्यानें गांठणाऱ्याच्या मागें चिकटून वाऱ्याचा आडोसा घ्यावयाचा नाहीं. मागें राहून पुन्हां एकटें चालावयाचें. रस्त्याच्या त्या भागांत पंच नसतो, प्रेक्षक नसतात, पाहणारें कोणीच नसतें. मागें राहिलें तर कोणी शाबासकी देत नाहीं, आणि चिकटून गेलें तर बहुधा कोणास कळतही नाहीं. तरीही हजारों साधीं माणसें, ज्यांना कसलेंही बक्षीस मिळावयाचें नाहीं, हा नियम पाळीत आलीं आहेत. शाळेंत कॉपी न करण्याविषयीं आम्ही जीं भाषणें करतों त्यांच्यापेक्षां हें दृश्य मला अधिक बोलकें वाटतें.

शर्यत संपल्यावर एका फलकावर सर्वांच्या वेळा लिहितात. पहिल्याची जशी लिहितात तशीच शेवटल्याचीही, मिनिटें व सेकंद यांसह. आणि फलकाभोंवतीं जमलेल्या मंडळींत नवा माणूस ओळखावयाचा असेल तर त्याचे डोळे पाहावे: तो वर पहिलें नांव वाचीत नाहीं, तो स्वतःचें नांव शोधीत असतो. चहाचा पेला हातांत घेऊन प्रत्येक जण शेजाऱ्यास विचारतो तो प्रश्न “कितवा आलास?” हा नसतो, “मागल्यापेक्षां किती?” हा असतो. आमच्या प्रगतिपुस्तकांत क्रमांकाचा रकाना असतो, पण मागल्या परीक्षेच्या मानानें आपण कोठें आहों, हें दाखविणारा रकाना क्वचितच असतो. असो.

‘मागल्यापेक्षां किती?’ या प्रश्नाचें उत्तर नवख्यास जितकें गोड मिळतें तितकें दुसऱ्या कोणास मिळत नाहीं. नियमानें सायकल चालवूं लागल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तांतील द्रवाचें प्रमाण वाढतें, व हृदय एका ठोक्यास अधिक रक्त लोटूं लागतें. पुढील आठवड्यांत स्नायूंमधील सूक्ष्म रक्तवाहिन्या वाढतात, आणि प्राणवायूचा उपयोग करून शक्ति निर्माण करणारे पेशींतील कण वाढतात. शिवाय डोकेंही शिकतें: कोठें दम राखावा, वळण कसें घ्यावें, वांकून कसें बसावें. समजा, एखाद्या मुलास पहिल्या वेळीं १० मैलांस ३८ मिनिटें लागलीं. नीट सराव केला तर त्याच वर्षांत तीं ३४ वर यावीं, यांत नवल कांहींच नाहीं. उलट जो मुरलेला स्वार तेंच अंतर २१ मिनिटांत काटतो, तो वर्षभर घाम गाळून दहा सेकंद वांचवितो, आणि त्या दहा सेकंदांसाठीं कृतज्ञ राहतो. श्रमांच्या ठेवीवर एवढें व्याज आयुष्यांत पुन्हां कधीं मिळत नाहीं. जे आज पहिले येतात त्यांच्याजवळ चषक आहेत. हें व्याज मात्र त्यांनीं पूर्वींच खाऊन टाकलेलें आहे.

येथें एका बाईंची हकीकत सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. बेरिल बर्टन यांचा जन्म इंग्लंडांतील लीड्स येथें १९३७ सालीं झाला. शाळेंत असतांना त्यांना संधिज्वरानें गांठलें. किती तरी महिने इस्पितळांत गेले, आणि दगदगीचे श्रम करूं नयेत असा सल्ला मिळाला. पुढें ज्या तरुणाशीं त्यांचा विवाह झाला त्याला सायकलचा नाद होता, आणि त्याच्यामुळें त्या क्लबच्या सहलींना जाऊं लागल्या. आरंभीं त्या मागें पडत, आणि सोबत्यांना त्यांना हातानें ढकलावें लागे. दोन-तीन वर्षांनीं त्या सोबत्यांच्या बरोबरीनें जाऊं लागल्या, आणि त्यानंतर सोबत्यांनाच त्यांच्या बरोबर राहणें कठीण झालें. १९५९ पासून १९८३ पर्यंत, सलग २५ वर्षें, घड्याळाच्या शर्यतींतील ब्रिटिश स्त्रियांचें सर्वोच्च पद त्यांच्याकडे होतें. जगज्जेतेपदें त्यांनीं सात वेळां मिळविलीं. आणि हें सर्व हौशी म्हणून! रुबार्ब नांवाची आंबट देठांची एक भाजी यॉर्कशायरमध्यें पिकते. तिच्या शेतावर राबून त्या पोट भरीत, आणि उरलेल्या वेळांत सायकल चालवीत.

१९६७ सालच्या १२ तासांच्या शर्यतींत त्यांनीं २७७.२५ मैल, म्हणजे सुमारें ४४६ किलोमीटर, अंतर तोडलें. त्या दिवशीं पुरुषांत आघाडीवर असलेला माइक मॅक्नमारा स्वतः पुरुषांचा विक्रम मोडण्याच्या बेतांत होता, व त्यानें तो मोडलाही. परंतु बर्टनबाईंनीं त्याला मागून गांठलें. जवळून जातांना त्यांनीं खिशांतून एक गोळी काढून त्याच्यापुढें केली, आणि त्यानें ती घेतली. ज्येष्ठमधाच्या जातीची ती साधी गोळी आज सायकलच्या इतिहासांत अमर आहे. त्यांचा हा आंकडा पुरुषांच्या आंकड्याहून दोन वर्षें वरचढ राहिला, आणि स्त्रियांमध्यें तो २०१७ पर्यंत कोणी ओलांडला नाहीं. ऑलिंपिकमध्यें मात्र स्त्रियांची सायकल-शर्यत १९८४ पर्यंत नव्हतीच, त्यामुळें तें पदक त्यांच्या नशिबीं आलें नाहीं. मुलींच्या पालकांनीं ही हकीकत दोनदां वाचावी, अशी माझी विनंति आहे. हातानें ढकलावी लागणारी ती आरंभींची सून-मुलगी आपल्या घरांत असती, तर आपण तिला काय सांगितलें असतें?

घोळक्याच्या शर्यतीविषयीं थोडक्यांत. तींत सर्व एकदम निघतात, आणि जो पहिल्यानें रेघ ओलांडील तो जिंकतो. पुढच्या स्वाराच्या चाकामागें हातभर अंतर राखून जाणाऱ्यास सुमारें एक-तृतीयांश श्रम कमी पडतात. म्हणून घोळका म्हणजे चालता आडोसा होय. नवखा स्वार या आडोशांत असतो तोंवर आपल्या शक्तीबाहेरच्या वेगानें वाहवत जातो, आणि त्याचें मन हरखून जातें. मग एखाद्या चढावर समोरचें चाक दोन हात पुढें सरकतें, चार हात सरकतें, वारा एकदम अंगावर येतो, आणि घोळका निघून गेलेला असतो. हें दुःख खरेंच मोठें आहे. पण थोड्या वेळानें असेच गळलेले आणखी दोघे-तिघे भेटतात. एकमेकांचें नांव ठाऊक नसतां ते पाळीपाळीनें पुढें होऊन वारा खातात व बाकीच्यांस आडोसा देतात, आणि एकटे पडले असते त्याहून पुष्कळ लवकर मुक्कामास पोंचतात. आकाशांतून माळेनें जाणारे पक्षीही असेंच करतात. पहिल्या घोळक्यांत असें सख्य नसतें. तेथें प्रत्येक जण दुसऱ्याचा दम जोखीत असतो.

आपल्याकडेही या खेळाची परंपरा आहे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्यें भारताचा जो सायकल-संघ गेला त्यांत मुंबईचे पारशी तरुण बरेच होते. मुंबई-पुणें सायकल-शर्यत तर सर्वांच्या ऐकण्यांतील आहे. तींत बोरघाट सर्वांत आधीं चढणाऱ्यास ‘घाटाचा राजा’ म्हणतात. घाटांत वेग इतका उतरतो कीं आडोशाचा उपयोग फारसा राहत नाहीं, आणि प्रत्येकास आपलें ओझें आपणच वर न्यावें लागतें. म्हणजे खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत ती घोळक्याची शर्यतही घड्याळाचीच होऊन जाते.

आतां पालकांच्या शंका. अभ्यासाविषयीं मला काळजी वाटत नाहीं. आठवड्यांतून तीन-चार वेळां सकाळचा एक तास पुरे आहे, आणि जो मुलगा त्यासाठीं पांच वाजतां उठतो तो रात्रीं दहानंतर जागत बसत नाहीं, हा आयताच लाभ. पैशाचीही अडचण मानूं नये. दुसऱ्यास हरवावयाचें असेल तर त्याच्यासारखी महाग सायकल लागते. स्वतःच्या मागल्या वेळेस हरवावयाचें असेल तर घरची काळी, जड सायकलही चालते, कारण मागल्या वेळींही तीच होती. कॅरिअर काढावें, चेन पुसून तेल घालावें, टायरांत हवा पक्की भरावी, सीट योग्य उंचीवर घ्यावी. एवढ्यानेंच पहिलें मिनिट वांचतें. खाण्यास दोन केळीं व साधी भाकरी-भाजी पुरते.

पण अपघाताची शंका खोटी नव्हे, आणि ती हंसण्यावारी नेणारा मनुष्य या कामास नालायक समजावा. बिडलेकच्या काळीं रस्त्यावर घोडे होते. आज त्यांच्या जागीं ट्रक आहेत, आणि ट्रक बुजत नाहीं. म्हणून हमरस्ता वर्ज्य. हेल्मेटवांचून सायकलवर बसूं देऊं नये, दोन्ही ब्रेक निघण्यापूर्वीं तपासावे, आणि कानांत गाणीं वाजविणारीं यंत्रें घरीं ठेवावीं. घोळक्याची शर्यत वर्षभर तरी करूं नये. चाकाला चाक लागून पडणें हा तिच्यांतील नेहमींचा प्रकार आहे, आणि घड्याळाच्या शर्यतींत तो संभवतच नाहीं.

ज्यांना करून पाहावयाचें असेल त्यांनीं गांवाबाहेरचा, कमी रहदारीचा, मध्यें चौक नसलेला रस्ता निवडावा. किलोमीटरच्या दगडापासून आठव्या दगडापर्यंत जाऊन परत आलें कीं १६ किलोमीटर होतात. रविवार बरा, तांबडें फुटून रस्ता स्वच्छ दिसूं लागला कीं निघावें. एकानें सीट धरावी, एकानें घड्याळ पाहावें, आणि जेथून वळावयाचें तेथें एका मोठ्या माणसास उभें करावें, म्हणजे वळणारा स्वार घाईंत मागें न पाहतां वळणार नाहीं. वडिलांनाच तेथें उभें केलें तर दोन्ही कामें होतात. पांच जण असले तर मिनिटामिनिटानें पांचही सोडावे, सर्वांत लहानास प्रथम. परत आल्यावर पाणी पिण्यापूर्वीं कोणास वेळ विचारूं देऊं नये. मग एका वहींत तारीख, वारा कोणत्या बाजूचा होता, आणि प्रत्येकाची वेळ सेकंदासह लिहावी; नांवें मात्र निघालेल्या क्रमानें लिहावीं, पोंचलेल्या नव्हे. ती वही सांभाळून ठेवावी, कारण पुढच्या महिन्यांत त्याच दगडापासून निघावयाचें आहे.